कटऑफ म्हणजे शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण

पदवीसाठी अभ्यासक्रम निवडायची वेळ आली की घरातल्या चर्चेत सर्वांत आधी एक आकडा येतो आणि उरलेली सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरत राहते. हा आकडा म्हणजे कटऑफ. जिथे जागा ठरावीक असतात आणि अर्ज त्याहून जास्त येतात, तिथे कोण आत आणि कोण बाहेर हे सांगणारी ही रेघ. आपण मात्र तिला नकळत अभ्यासक्रमाच्या दर्जाचे माप मानतो. ९५ टक्क्यांना बंद झालेला अभ्यासक्रम उत्तम, ८० ला बंद झालेला मध्यम, आणि ज्याच्या जागा शेवटपर्यंत शिल्लक राहिल्या तो कुणालाच नको असलेला, अशी उतरंड डोक्यात पक्की बसलेली असते. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमाची निवड करताना सर्वांत महागात पडते ती हीच समजूत, असे माझे मत आहे.

कटऑफ निघतो कसा, हे एकदा नीट पाहिले की त्याचा दरारा पुष्कळ कमी होतो. जर्मनीत प्रवेशमर्यादा असलेल्या अभ्यासक्रमांबद्दल बोलताना ‘अमुक विषयाचा एनसी किती?’ असे विचारले जाते. एनसी म्हणजे न्यूमेरस क्लाउझस, शब्दशः ‘मर्यादित संख्या’; बोलण्यात मात्र त्याचा अर्थ कटऑफ. तिथे शालान्त परीक्षेची श्रेणी १.० ही सर्वोत्तम आणि ४.० ही जेमतेम उत्तीर्ण अशी उलटी मोजतात. एखाद्या विषयाचा एनसी १.३ आहे असे ऐकले की विद्यापीठाने आधीच तशी अट घातली असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आधी अर्ज येतात, मग गुणांनुसार रांग लागते, जागा वरून खाली भरत जातात आणि शेवटच्या जागेवर जो विद्यार्थी येतो त्याचे गुण म्हणजे त्या वर्षीचा एनसी. तो प्रवेश पूर्ण झाल्यावरच कळतो. म्हणजे आपण ज्याला पुढच्या वर्षाची अट समजून धास्तावतो, तो मागच्या वर्षीच्या एका अनोळखी विद्यार्थ्याचा निकाल असतो.

हा आकडा तीन गोष्टींवर ठरतो: जागा किती, अर्ज किती आणि अर्ज करणाऱ्यांचे गुण किती. शिकवणारे कसे आहेत, अभ्यासक्रम किती अद्ययावत आहे, पदवीनंतर विद्यार्थी काय करतात, यांपैकी काहीही त्या हिशोबात थेट येत नाही. समजा, दोन विद्यापीठांत एकच विषय सारख्याच कसाने शिकवला जातो, पण एकीकडे ४० जागा आहेत आणि दुसरीकडे २००. अर्जदार साधारण सारखे असले तरी ४० जागांचा कटऑफ वरच राहणार. शिवाय तिथे तो दरवर्षी हेलकावेही खाणार, कारण पाच-सहा हुशार विद्यार्थ्यांनी ऐनवेळी दुसरीकडे प्रवेश घेतला तरी एवढ्या छोट्या वर्गाची रेघ खाली सरकते, तर २०० जणांच्या वर्गाला तितक्याने फरक जाणवतही नाही. त्यामुळे लहान अभ्यासक्रमाचा फक्त गेल्या वर्षीचा आकडा पाहून ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे ठरवू नये. निदान तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

डेन्मार्कची पद्धत मला या बाबतीत प्रामाणिक वाटते. तिथे दरवर्षी जुलैच्या अखेरीस निकाल लागला की प्रत्येक अभ्यासक्रमापुढे शेवटच्या प्रवेशाची श्रेणी प्रसिद्ध होते, आणि जिथे पात्र अर्जदारांपैकी सर्वांना जागा मिळाली तिथे आकडा न देता ‘सर्वांना प्रवेश’ एवढेच लिहितात. याउलट दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत २०२१ साली काही विषयांचा पहिल्या यादीचा कटऑफ १०० टक्के लागला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. १०० पैकी १०० मिळवल्याखेरीज राज्यशास्त्र शिकता येत नाही म्हणजे काय, असे लोक विचारत होते. पण तिथली तेव्हाची रीत लक्षात घेतली तर कोडे सुटते. तिथे कटऑफ आधी जाहीर होत असे आणि तेवढे गुण असलेला जो कोणी येईल त्याला प्रवेश देणे महाविद्यालयाला भाग असे. अंदाज चुकला तर जागांच्या दुप्पट विद्यार्थी दारात उभे राहण्याची भीती होती. म्हणून पहिली यादी शक्य तितकी वर ठेवायची आणि पुढच्या याद्यांत खाली उतरायचे, हा सावधपणा त्या १०० मध्ये मोठ्या प्रमाणात होता. २०२२ पासून तिथे सामाईक प्रवेश परीक्षा आली आणि ती पद्धत गेली. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या दोन आकड्यांमागे दोन निराळी यंत्रे असू शकतात, हे सांगण्यासाठी हे उदाहरण दिले.

जागा मर्यादित का असतात, हेही पाहून ठेवणे उपयोगाचे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकायला रुग्ण लागतात, दंतवैद्यकाला उपचारांच्या खुर्च्या लागतात, रसायनशास्त्राला प्रयोगशाळेतले ओटे लागतात, वास्तुरचनेला प्रत्येक विद्यार्थ्याच्या आराखड्यावर स्वतंत्रपणे बोलणारा शिक्षक लागतो. व्याख्यानाच्या दालनात आणखी ५० जण बसवता येतात; रुग्णाच्या खाटेभोवती येत नाहीत. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १८ जुलै १९७२ रोजी या प्रश्नावर महत्त्वाचा निर्णय दिला. शिक्षणाची जागा निवडण्याचा हक्क घटनेने दिलेला असल्यामुळे, उपलब्ध क्षमता पुरेपूर वापरल्यावरच प्रवेश नाकारता येईल, असे त्याचे सार होते. तेव्हापासून तिथे शिक्षकांच्या तासांवरून जागांची संख्या मोजण्याचे सविस्तर नियम आहेत, आणि विद्यापीठाने क्षमता कमी दाखवली आहे असा दावा करून प्रवेशासाठी न्यायालयात जाणारे विद्यार्थीही आहेत. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की जागांची संख्या ही बहुतेकदा शिकवण्याच्या खर्चाची आणि सोयीची गोष्ट असते. ज्या विषयाला केवळ ग्रंथालय आणि चांगला शिक्षक पुरतो, त्या विषयाला मर्यादा नसली म्हणून तो हलका ठरत नाही. कित्येक देशांत गणितासारखा कठीण विषय खुला असतो. तिथे गाळणी प्रवेशाच्या वेळी लागत नाही, पहिल्या वर्षाच्या परीक्षेत लागते, आणि ती दयामाया दाखवत नाही.

आता ‘मार्क वाया जातील’ या युक्तिवादाकडे येते. माझी भाची बारावीनंतर पसंतीक्रम भरत होती. तिला भूगोल आवडत होता, नकाशे आणि उपग्रहचित्रे यांत ती तासन्‌तास रमत असे. पण यादीत पहिल्या क्रमांकावर मानसशास्त्र होते, कारण तिच्या गुणांत बसणाऱ्या विषयांपैकी त्याचा कटऑफ सर्वांत वर होता. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, भूगोलाला कुणालाही घेतात गं. मग एवढे मार्क मिळवून काय उपयोग?” हे केवळ तिचे मत नव्हते, घरातल्या मोठ्यांनी, शिकवणीतल्या सरांनी आणि मैत्रिणींनी ते तिच्या तोंडी घातले होते. गुण म्हणजे जणू मुदतीत न वापरल्यास रद्द होणारे कूपन आणि ते सर्वांत महाग वस्तूवरच खर्च केले पाहिजे, असा तो हिशोब. गुणांचे काम दार उघडण्याचे आहे. आपल्याला हवे ते दार कमी गुणांत उघडत असेल, तर उरलेले गुण कोणी हिरावून घेत नाही. ज्या कष्टांनी ते मिळाले ते कष्ट करण्याची सवय त्या दारातून आपल्याबरोबर आत येतेच.

मग मी तिला वाद घालण्याऐवजी दोन्ही विषयांचे पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रमपत्रक काढायला सांगितले. प्रवेशपुस्तिकेतली रंगीत पाने या कामी निरुपयोगी असतात. तिथे प्रत्येक विषयाचे विद्यार्थी हिरवळीवर बसून हसत असतात. पाहायचे ते नियमावलीला जोडलेले परिशिष्ट, ज्यात सत्रानुसार पेपर, त्यांचे श्रेयांक आणि परीक्षेचा प्रकार दिलेला असतो. मानसशास्त्राच्या पत्रकात तिला मनाच्या गूढ गोष्टी अपेक्षित होत्या आणि सापडले वर्णनात्मक संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, प्रयोगाचा अहवाल लेखन, पुढच्या सत्रात पुन्हा संख्याशास्त्र, तेही अनुमानात्मक. समुपदेशनाचा उल्लेख तिसऱ्या वर्षात, तोही ऐच्छिक पेपर म्हणून. यात मानसशास्त्राचा काही दोष नाही. तो प्रयोगांवर आणि आकड्यांवर उभा असलेला विषय आहे आणि ज्याला ते आवडते त्याच्यासाठी अत्यंत सुंदर आहे. पण मर्यादित जागांच्या विषयांबाबत असे वारंवार घडते की जागा मिळवण्याच्या धडपडीत त्या जागेवर बसून नेमके काय करायचे आहे, हे पाहायचेच राहून जाते. भूगोलाच्या पत्रकातही संख्याशास्त्र होते, हेही सांगितले पाहिजे, पण ते नकाशांच्या आणि भूमाहिती प्रणालीच्या सोबतीने आलेले होते, आणि त्या पानावर ती जास्त वेळ थांबली.

पत्रक वाचताना मी स्वतः तीन ठिकाणी बोट ठेवते. पहिले म्हणजे कोणता पेपर अनुत्तीर्ण झाल्यास पुढच्या वर्षात जाता येत नाही, कारण अभ्यासक्रमाचा खरा कणा तोच असतो. दुसरे म्हणजे ऐच्छिक पेपर खरोखर दरवर्षी शिकवले जातात की फक्त कागदावर आहेत. हे चालू विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. आणि तिसरे, पदवीनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशाची अट. हे तिसरे कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटते. काही अभ्यासक्रमांत पदवीची जागा मिळाली तरी खरी चिंचोळी वाट पुढे, पदव्युत्तर प्रवेशात असते. मानसशास्त्र हे त्याचे ठळक उदाहरण, कारण अनेक देशांत उपचार करण्याची परवानगी केवळ पदवीवर मिळत नाही. तेव्हा पदवीच्या दाराशी लढाई जिंकली म्हणजे सगळे जिंकले, असे समजू नये.

इथपर्यंतचे सगळे काय हवे ते ठरवण्याबद्दल झाले. ते मिळवायचे कसे, हा निराळा प्रश्न आहे आणि त्यात पसंतीक्रमाचे स्थान मोठे आहे. कठीण अभ्यासक्रम पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि तो मिळाला नाही, तर दुसऱ्या क्रमांकाच्या ठिकाणी आपण ‘उशिरा’ पोहोचू आणि तिथली जागाही जाईल, ही भीती मी असंख्य पालकांकडून ऐकली आहे. ती रास्त आहे की नाही, हे यंत्रणेच्या नियमावर अवलंबून आहे आणि गंमत म्हणजे हा प्रश्न गणितज्ञांनी फार पूर्वी सोडवून ठेवला आहे.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या दोघांनी एक पद्धत मांडली. प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज आधी त्याच्या पहिल्या पसंतीकडे जातो. अभ्यासक्रम आपल्या क्षमतेइतके वरचे अर्ज तात्पुरते ठेवून घेतो आणि बाकीचे परत पाठवतो. परत आलेला अर्ज दुसऱ्या पसंतीकडे जातो, आणि तिथे आधीपासून बसलेल्या एखाद्यापेक्षा त्याचे गुण जास्त असतील तर त्या तात्पुरत्या उमेदवाराला उठावे लागते. तो मग आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. अर्ज फिरायचे थांबले की वाटप कायम होते. या पद्धतीत दुसऱ्या पसंतीच्या दारात पोहोचायला उशीर झाला असे काही उरतच नाही, कारण तिथे तुलना फक्त गुणांची होते, तुम्ही तो अभ्यासक्रम कितव्या क्रमांकावर लिहिला होता याची नाही. विद्यार्थ्यांच्या बाजूने सुरू होणाऱ्या या पद्धतीत खरा क्रम लिहिणे हेच प्रत्येक विद्यार्थ्याच्या सर्वाधिक हिताचे असते, हे नंतर सिद्धही झाले. जागावाटपाच्या या सिद्धान्तासाठी आणि त्याच्या व्यवहारातल्या वापरासाठी शेपली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल त्याआधीच, २००८ साली, निवर्तले होते.

याच्या उलट नियमाची यंत्रणाही असते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळाप्रवेशासाठी पूर्वी जी रीत होती तिच्यात पहिल्या फेरीत फक्त पहिली पसंती लिहिणाऱ्यांना जागा देऊन त्या कायम करत, आणि उरल्या तरच दुसऱ्या पसंतीचा विचार होई. तिथे पहिला क्रमांक अवघड शाळेवर खर्च केला की दुसरी चांगली शाळा तोवर भरून गेलेली असे. ज्या पालकांना हे गणित कळले ते डावपेच लढवत आणि ज्यांनी मनापासून खरा क्रम लिहिला त्यांचे नुकसान होई. २००५ साली बॉस्टनने ही रीत बदलली. आपल्या पुढ्यातली यंत्रणा या दोहोंपैकी कोणत्या घराण्यातली आहे, हे शोधणे हा पसंतीक्रम भरण्यापूर्वीचा सर्वांत महत्त्वाचा गृहपाठ आहे. माहितीपुस्तिकेत ते एका कंटाळवाण्या परिच्छेदात लिहिलेले असते, आणि तो परिच्छेद दोनदा वाचावा.

डेन्मार्कमध्ये आठपर्यंत अभ्यासक्रम क्रमाने लिहिता येतात आणि गुणांच्या जोरावर मिळू शकणारी यादीतली सर्वांत वरची एकच जागा देऊ केली जाते. आयर्लंडची केंद्रीय यंत्रणाही विद्यार्थ्यांना खऱ्या आवडीच्या क्रमानेच यादी लिहायला सांगते. तिथे १ जुलैपर्यंत क्रम बदलण्याची मुभा असते आणि तिचे नावच ‘विचारबदल’ अशा अर्थाचे आहे. भारतात आयआयटी, एनआयटी इत्यादींच्या सामाईक वाटपात जागा मिळाल्यावर फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड असे पर्याय असतात: मिळालेल्यावर समाधानी असाल तर फ्रीझ, यादीतली वरची कोणतीही जागा चालणार असेल तर फ्लोट, आणि त्याच संस्थेतली वरच्या पसंतीची शाखाच हवी असेल तर स्लाइड. यात एक कलम अनेकांना भोवते. वरची जागा मिळाली की हातातली आपोआप जाते. म्हणून मोठ्या नावापोटी यादीत वर टाकलेला, पण प्रत्यक्षात नको असलेला पर्याय एखाद्या फेरीत खरोखरच पदरात पडतो आणि मग परतीची वाट नसते.

माझा स्वतःचा नियम असा आहे की यादीचा क्रम इच्छेने लावावा आणि यादीची लांबी शक्यतेने ठरवावी. म्हणजे कटऑफचा विचार करायचा तो वर-खाली करताना नाही, तर शेवटी खात्रीचे पर्याय पुरेसे आहेत की नाहीत हे तपासताना. जिथे हवे तेवढे पर्याय लिहिता येतात तिथे हे सोपे आहे. जिथे पर्यायांची संख्याच कमी असते तिथे मात्र थोडा हिशोब करावाच लागतो. ब्रिटनमध्ये एका वर्षी पाचच अर्ज करता येतात, त्यांतले वैद्यकासाठी जास्तीत जास्त चार, आणि पदवीसाठी ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्हींकडे एकाच वर्षी सहसा अर्ज करता येत नाही. प्रस्ताव आल्यावर एक पक्का आणि एक राखीव असे दोन ठेवता येतात. इथे अनेक विद्यार्थी राखीव म्हणूनही तितक्याच गुणांची अट असलेला अभ्यासक्रम धरून ठेवतात. परीक्षेत गुण कमी पडले की दोन्ही एकदम जातात आणि राखीव ठेवल्याचा काहीच उपयोग होत नाही. राखीव पर्याय खरोखर खालच्या अटीचा हवा आणि तरीही तिथे तीन वर्षे आनंदाने काढता येतील असा हवा. या दोन्ही अटी पुऱ्या करणारा पर्याय शोधायला पहिल्या पसंतीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो द्यावा.

गुणांखेरीज निवडीच्या इतर वाटाही पाहून ठेवाव्यात, कारण एकाच अभ्यासक्रमात अनेकदा दोन-तीन रांगा असतात. स्वीडनमध्ये किमान एक तृतीयांश जागा शालेय श्रेणीवर आणि किमान एक तृतीयांश जागा स्वतंत्र अभिक्षमता चाचणीवर भरतात. शाळेत कमी पडलेल्याला ती दुसरी संधी असते. डेन्मार्कच्या दुसऱ्या कोट्यात अनुभव आणि प्रेरणा यांचाही विचार होतो, पण त्यासाठी १५ मार्चपर्यंत अर्ज करावा लागतो, तर केवळ श्रेणीवरच्या पहिल्या कोट्याची मुदत ५ जुलै असते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९ डिसेंबर २०१७ रोजी वैद्यकाच्या प्रवेशाचे काही नियम घटनेशी विसंगत ठरवले. त्यानंतर तिथे ३० टक्के जागा सर्वोत्तम शालान्त श्रेणीवर, १० टक्के श्रेणीबाहेरच्या योग्यतेवर आणि ६० टक्के विद्यापीठांच्या स्वतःच्या निकषांवर भरल्या जाऊ लागल्या. वर्षानुवर्षे थांबून नंबर लावण्याची वैद्यकातली जुनी वाट त्याबरोबर बंद झाली.

नेदरलँड्समध्ये तर वैद्यकाच्या जागा अनेक दशके सोडतीने वाटल्या जात. चांगले गुण असलेल्यांची संधी त्यात जास्त असे, पण खात्री कोणालाच नसे. नव्वदच्या दशकात अत्युच्च श्रेणी मिळवलेली एक विद्यार्थिनी सोडतीत लागोपाठ तीनदा वगळली गेली, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर दहापैकी आठ किंवा अधिक सरासरी असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. २०१७ पासून सोडत पूर्ण बंद झाली, आणि काही वर्षांतच विद्यापीठांना ती पुन्हा वापरण्याची परवानगी देणारा कायदा आला, कारण मुलाखती आणि चाचण्यांच्या तयारीत सुस्थितीतल्या घरांतली मुले पुढे जातात, हा आक्षेप बळावत गेला. सोडत ऐकायला क्रूर वाटते. पण ९४.२ आणि ९४.४ या गुणांतला फरक योग्यतेचा आहे असे मानणेही फारसे शहाणपणाचे नाही, आणि निदान सोडतीत हरलेला स्वतःला नालायक समजत नाही. आयर्लंडमध्येही शेवटच्या रेघेवर सारखे गुण असलेल्यांत यादृच्छिक क्रमांकानेच निवड होते.

तारखांबद्दल थोडक्यात. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांची मुदत बहुधा इतरांच्या आधी संपते. नेदरलँड्समध्ये ती १५ जानेवारी असते, तर एरवीच्या अभ्यासक्रमांची १ मे. ब्रिटनमध्ये वैद्यकाची आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्यात, म्हणजे प्रवेशाच्या जवळपास वर्षभर आधी संपते. निकाल लागल्यावर ठरवू, असे म्हणणाऱ्यांसाठी ही दारे तोवर बंद झालेली असतात.

एवढे सगळे लिहिल्यावर दुसरी बाजूही मांडणे भाग आहे, कारण कटऑफकडे पूर्ण पाठ फिरवा असे मला म्हणायचे नाही. काही अभ्यासक्रमांचे दार हे त्या व्यवसायाचे एकमेव दार असते. वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक यांना आडवाट नाही. ती पदवी नसेल तर परवाना नाही. नेदरलँड्समधल्या सोडतीमुळे संशोधकांना एक दुर्मीळ संधी मिळाली: सारखीच इच्छा आणि सारखेच गुण असलेले, पण केवळ चिठ्ठीने वेगळे झालेले दोन गट. त्यांची तुलना केल्यावर जिंकलेल्यांचे उत्पन्न वीस वर्षांनंतरही स्पष्टपणे जास्त आढळले. अशा विषयाची मनापासून ओढ असेल तर पुन्हा प्रयत्न करण्यात, वर्ष देण्यात अर्थ आहे. दुसरीकडे, नॉर्वेच्या केंद्रीय प्रवेशाच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की पुढच्या कमाईत विषयामुळे पडणारा फरक मोठा असतो आणि त्याच विषयासाठी अधिक नामांकित संस्था निवडल्याने पडणारा फरक त्यामानाने लहान. म्हणजे विषय बदलून नावाजलेल्या विद्यापीठात शिरण्यापेक्षा, हवा तो विषय कमी नावाच्या विद्यापीठात घेणे हा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा सौदा असतो. अर्थात नॉर्वेत संस्थांमधली दरी मुळातच कमी आहे, आणि जिथे ती रुंद आहे तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करू नये.

‘आधी जवळच्या विषयाला प्रवेश घेऊ आणि दुसऱ्या वर्षी हव्या त्या विषयात बदलून जाऊ’ हा बेतही वारंवार ऐकू येतो. तो कधी कधी जमतो. पण तो बेत करण्याआधी दुसऱ्या वर्षात प्रत्यक्ष किती जागा रिकाम्या होतात आणि त्या कोणत्या निकषावर भरतात, हे विद्यापीठाच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. वरच्या सत्रातल्या जागांनाही मर्यादा असू शकते. जर्मनीत जिथे प्रतीक्षेची सत्रे, म्हणजे शालान्त परीक्षेनंतर प्रवेशाची वाट पाहण्यात गेलेली सत्रे, अजूनही मोजली जातात, तिथे दरम्यान दुसऱ्या जर्मन विद्यापीठात नाव नोंदवलेला काळ प्रतीक्षा म्हणून धरत नाहीत. त्यामुळे तात्पुरता प्रवेश घेऊन थांबणाऱ्याची रांग पुढे सरकतच नाही. जवळचा विषय घ्यायचा तर तो शेवटपर्यंत शिकण्याची तयारी ठेवूनच घ्यावा, आणि बदल झालाच तर तो वरचा लाभ मानावा.

भाचीच्या यादीत शेवटी भूगोल पहिला आला, मानसशास्त्र तिसरे. तिच्या वडिलांना ते आजही पूर्णपणे पटलेले नाही, आणि कदाचित त्यांचेही काही खरे असेल. ते नोकरीच्या बाजूने विचार करतात आणि तो विचार अनाठायी नाही.

शेवटची गोष्ट निकालानंतरची. जागा देऊ केल्याचा संदेश आला की ती स्वीकारण्याची मुदत लगेच पाहावी, कारण ती फार छोटी असते. नेदरलँड्समध्ये दोन आठवड्यांत होकार दिला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या क्रमांकाला जाते. आणि मिळालेली जागा नको असेल, तर मुदत संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी ती सोडल्याचे कळवावे. प्रतीक्षायादी त्याशिवाय हलत नाही, आणि छोट्या अभ्यासक्रमात एका जागेने खालचे दोन-तीन जण पुढे सरकतात.